नव्या नावाची जुनी चिप

लॅपटॉपसाठी नवी ग्राफिक्स कार्डं येणार अशी कुणकुण लागली की जाणकारांमध्ये एक शंका हमखास डोकावते: आत खरंच नवी चिप आहे, की जुनीलाच नवं नाव दिलंय? ही शंका उगाच येत नाही. तिच्यामागे वीस वर्षांहून जुना इतिहास आहे.

फेब्रुवारी २००२मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने ‘जीफोर्स ४’ मालिका आणली. तिच्यातली ‘टीआय’ कार्डं नव्या पिढीची होती. स्वस्त ‘एमएक्स’ कार्डं मात्र मुळात जीफोर्स २च्या घराण्यातली. वर्षभर आधीच्या जीफोर्स ३मध्ये असलेले प्रोग्रॅमेबल शेडर यांच्यात नव्हतेच. ‘डूम’ या व्हिडिओ गेमचे एक कर्ते जॉन कारमॅक यांनी आपल्या येऊ घातलेल्या खेळासाठी ही कार्डं घेऊ नका, असं उघडपणे सांगितलं. लॅपटॉपमधलं ‘जीफोर्स ४ ४४० गो’ याच एमएक्सचं भावंड. २००४मध्ये प्रतिस्पर्धी एटीआयचं ‘मोबिलिटी रेडिऑन ९७००’ आलं. डेस्कटॉपच्या ९७००मध्ये आठ पाइपलाइन होत्या, यात चार. कारण आतली चिप ९६००च्या वंशातली होती.

पण या वंशावळीत सर्वांत दीर्घायुषी ठरली ती एनव्हिडियाची ‘जी९२’. ऑक्टोबर २००७मध्ये ‘८८०० जीटी’ या कार्डातून ती आली. सुमारे ७५ कोटी ट्रान्झिस्टरची ही चिप अप्रतिम होती, हे आवर्जून सांगायला हवं. वाईट चिप इतकी वर्षं चाललीच नसती. लॅपटॉपमध्ये ती आधी ‘८८००एम जीटीएक्स’ झाली, ९६ कोअरची. पुढच्याच वर्षी तेच ९६ कोअर ‘९८००एम जीटी’ या नावाने विकले गेले. २००९मध्ये तिची आक्रसलेली ५५ नॅनोमीटरची आवृत्ती ‘जीटीएक्स २८०एम’ म्हणून आली, १२८ कोअरची. डेस्कटॉपचं ‘जीटीएक्स २८०’ वेगळ्याच, नव्या चिपवर होतं आणि त्यात २४० कोअर होते. नावात फरक एका ‘एम’चा! २०१०मध्ये ‘२८५एम’ आलं, तेही जी९२च. तोवर विंडोज ७बरोबर डायरेक्टएक्स ११ येऊन गेलं होतं आणि ही चिप १०वरच अडलेली होती. त्या वर्षी ‘२८५एम’वाला महागडा गेमिंग लॅपटॉप घेणाऱ्याच्या हाती २००७ची रचना पडली, ही मला सरळसरळ फसगत वाटते.

एटीआय विकत घेतलेल्या एएमडीनेही हाच रस्ता धरला. २०१२चं ‘एचडी ७९७०एम’, २०१३चं ‘८९७०एम’ आणि २०१४चं ‘आर९ एम२९०एक्स’ ही तिन्ही नावं १२८० कोअरच्या एकाच ‘पिटकेर्न’ चिपची.

याला कारणं आहेत. नवी चिप आखायला वर्षं लागतात, पैसा अफाट लागतो. या कंपन्यांच्या चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीकडे ग्राफिक्स चिप २०१२पासून २०१६पर्यंत २८ नॅनोमीटरवरच अडकून राहिल्या. लॅपटॉप कंपन्यांना मात्र दरवर्षी खोक्यावर नवा आकडा हवा असतो. शिवाय डेस्कटॉपच्या अव्वल चिपची उष्णता लॅपटॉपला पेलवत नाही. म्हणून लहान चिप वापरावी, हे मान्य. पण तिला मोठीचं नाव द्यावं, हे मान्य होण्यासारखं नाही.

ही सवय आजही गेलेली नाही. २०१७चं ‘एमएक्स१५०’ २०१९मध्ये त्याच ३८४ कोअरच्या चिपवर ‘एमएक्स२५०’ झालं. २०२३चं लॅपटॉपमधलं ‘आरटीएक्स ४०९०’ घ्या: कोअर ९,७२८, त्याच नावाच्या डेस्कटॉप कार्डात १६,३८४.

डेस्कटॉपचं कार्ड काढून दुसरं बसवता येतं. लॅपटॉपची ग्राफिक्स चिप बहुधा बोर्डावरच डकवलेली असते. म्हणून पैसे मोजण्याआधी नावाचा आकडा बाजूला ठेवा आणि दुकानदाराला चार गोष्टी विचारा: चिपचं सांकेतिक नाव, कोअर किती, मेमरी किती, आणि या मॉडेलमध्ये तिला किती वॅट वीज मिळते.