नॉर्फोक अँड वेस्टर्न रेल्वेचे छायाचित्रण (विन्स्टन लिंक)

नॉर्फोक अँड वेस्टर्न रेल्वेचे छायाचित्रण हा अमेरिकन छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक (१६ डिसेंबर १९१४ – ३० जानेवारी २००१) यांनी १९५५ ते १९६० या काळात स्वखर्चाने पार पाडलेला प्रकल्प होय. अमेरिकेतील नॉर्फोक अँड वेस्टर्न या रेल्वेवरील मालगाड्या, प्रवासी गाड्या, यार्ड, इंजिनशाळा आणि रुळांलगतची लोकवस्ती हे त्याचे विषय होते. यातील बहुतेक प्रसिद्ध छायाचित्रे कृष्णधवल असून ती रात्री, मोठ्या संख्येने लावलेल्या फ्लॅश बल्बांच्या प्रकाशात घेतलेली आहेत. अमेरिकेतील मोठ्या रेल्वेंपैकी वाफेच्या इंजिनांवर सर्वांत शेवटपर्यंत भिस्त ठेवणारी ही रेल्वे होती. त्यामुळे या छायाचित्रांना रेल्वेच्या इतिहासाइतकेच सामाजिक इतिहासातही महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

नॉर्फोक अँड वेस्टर्न रेल्वेचे मुख्यालय व्हर्जिनिया राज्यातील रोअनोक येथे होते. तिचा मुख्य मार्ग अटलांटिक किनाऱ्यावरील नॉर्फोक बंदरापासून अ‍ॅपलाचियन पर्वतरांगा ओलांडून ओहायो राज्यापर्यंत जात असे. वेस्ट व्हर्जिनिया आणि व्हर्जिनिया या राज्यांतील पोकाहाँटस कोळसाक्षेत्र हा तिच्या उत्पन्नाचा मुख्य आधार होता. खाणींतून निघालेला कोळसा मालगाड्यांनी नॉर्फोकच्या लॅम्बर्ट्स पॉइंट धक्क्यावर जाई आणि तेथून जहाजांत भरला जाई.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील रेल्वे कंपन्या झपाट्याने डिझेल इंजिनांकडे वळल्या. डिझेल इंजिनाला पाणी भरण्यासाठी वारंवार थांबावे लागत नाही, राख काढावी लागत नाही आणि देखभालीला कमी माणसे पुरतात. नॉर्फोक अँड वेस्टर्नची परिस्थिती मात्र निराळी होती. इंजिनांना लागणारा कोळसा तिच्याच मार्गावर मिळत होता आणि कोळसा कंपन्या तिच्या सर्वांत मोठ्या ग्राहक होत्या. शिवाय रोअनोक येथील स्वतःच्या कारखान्यात ती अत्यंत कार्यक्षम इंजिने बांधत असे. तीन वर्गांची इंजिने विशेष प्रसिद्ध होती : जलद मालगाड्यांसाठी ‘ए’, जड कोळसागाड्यांसाठी ‘वाय ६’ आणि प्रवासी गाड्यांसाठी ‘जे’. यांपैकी ‘वाय ६’ वर्गात मागील सिलिंडरांत वापरलेली वाफ पुढील मोठ्या सिलिंडरांत पुन्हा वापरली जाई. रोअनोक कारखान्यातून शेवटचे वाफेचे इंजिन डिसेंबर १९५३ मध्ये बाहेर पडले. १९५५ मध्ये रेल्वेने मार्गावरील गाड्यांसाठी पहिली डिझेल इंजिने घेतली आणि पुढील काही वर्षांतच वाफेची इंजिने सेवेतून जाणार हे स्पष्ट झाले.

प्रकल्पाचा आरंभ

लिंक यांचा जन्म न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. १९३७ मध्ये त्यांनी ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निक संस्थेतून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. मात्र व्यवसाय म्हणून त्यांनी जाहिरात आणि उद्योगविषयक छायाचित्रण निवडले. युद्धकाळात त्यांनी विमानातून पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या उपकरणाच्या संशोधनात काम केले. १९४६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा स्टुडिओ सुरू केला. कारखान्यांचे विस्तीर्ण अंतर्भाग कृत्रिम प्रकाशात टिपण्याचे कौशल्य त्यांना पुढे रेल्वेच्या छायाचित्रणात उपयोगी पडले.

जानेवारी १९५५ मध्ये एका व्यावसायिक कामासाठी ते व्हर्जिनियातील स्टाँटन येथे गेले असता जवळच्या वेन्सबरो स्थानकावर त्यांनी नॉर्फोक अँड वेस्टर्नच्या गाड्या पाहिल्या. २१ जानेवारी १९५५ रोजी तेथेच त्यांनी या रेल्वेचे पहिले रात्रकालीन छायाचित्र घेतले. त्यानंतर त्यांनी रेल्वेशी पत्रव्यवहार केला. रेल्वेचे तत्कालीन अध्यक्ष आर. एच. स्मिथ यांच्या पाठिंब्यामुळे त्यांना रेल्वेच्या हद्दीत काम करण्याची परवानगी आणि कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले. पुढील पाच वर्षांत सुमारे वीस फेऱ्यांमध्ये त्यांनी जवळपास २,४०० निगेटिव्ह तयार केल्या.

तंत्र आणि प्रकाशयोजना

त्या काळी रेल्वेच्या छायाचित्रांची एक ठरावीक रीत होती. सूर्य पाठीशी घ्यायचा, रुळांपासून थोडे बाजूला उभे राहायचे आणि धूर सोडत येणाऱ्या इंजिनाचा समोरचा व बाजूचा भाग एकत्र टिपायचा. ल्युशियस बीबी यांच्या १९३८ मधील ‘हाय आयर्न’ या पुस्तकामुळे ही रीत अधिक रूढ झाली. अशा छायाचित्रात इंजिन ठळक दिसते, परंतु परिसर गौण ठरतो.

लिंक यांनी रात्र निवडली, त्यामागे तांत्रिक कारणे होती. सूर्य किंवा रूळ छायाचित्रकाराला हलवता येत नाहीत. अंधारात मात्र कशावर प्रकाश पडावा आणि काय काळोखात राहावे हे तोच ठरवतो. दिवसा धूसर दिसणारी वाफ फ्लॅशच्या प्रकाशात काळ्या आकाशावर शुभ्र उमटते. तसेच विजेचे खांब, तारा आणि मागील इमारती यांसारखे नको असलेले घटक अंधारात लपतात.

त्यासाठी लागणारी पूर्वतयारी मोठी होती. लिंक आणि त्यांचे सहायक जागा पाहून आराखडा करत, दिव्यांचे परावर्तक खांबांवर, छपरांवर किंवा झाडांआड बसवत आणि लांबच लांब तारा अंथरत. डझनावारी बल्ब एकाच क्षणी पेटावेत आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याचे शटर उघडावे यासाठी लिंक यांनी स्वतः विद्युतयंत्रणा तयार केली होती. या यंत्रणेवर एकापेक्षा अधिक कॅमेरेही चालवता येत. ते प्रामुख्याने ४ × ५ इंच आकाराच्या फिल्मचे कॅमेरे वापरत.

फ्लॅश बल्ब एकदाच पेटतो आणि नंतर बदलावा लागतो. त्यामुळे प्रत्येक गाडीला एकच संधी मिळत असे. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर पुढे जाते, म्हणजे एका सेकंदाच्या चुकीने इंजिन चौकटीबाहेर जाऊ शकते. ठरलेल्या क्षणी इंजिन कोठे असेल याचा अंदाज अंधारातच घ्यावा लागे आणि तो चुकला तर अनेक तासांचे श्रम वाया जात.

यार्ड आणि इंजिनशाळा

रोअनोकच्या पश्चिमेकडील शेफर्स क्रॉसिंग येथे रेल्वेचे मोठे यार्ड आणि इंजिनांच्या देखभालीचे केंद्र होते. फेरी संपवून आलेल्या इंजिनाची राख काढणे, कोळसा व पाणी भरणे, ते धुणे, सांध्यांना वंगण देणे ही कामे तेथे ठरलेल्या क्रमाने होत. वंगणासाठी स्वतंत्र इमारत होती. या सुनियोजित व्यवस्थेमुळे इंजिन लवकर पुन्हा गाडीला जोडता येई आणि वाफेची इंजिने डिझेलशी काही काळ तरी स्पर्धा करू शकत.

शेफर्स क्रॉसिंग येथे ‘जे’ वर्गाचे ६०५ क्रमांकाचे इंजिन धुतले जात असतानाचे १९५५ मधील छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात पाण्याच्या फवाऱ्याखालील अवाढव्य इंजिनाशेजारी कामगारांच्या लहान आकृती दिसतात. यार्डातील छायाचित्रांत लिंक यांनी कामगार आणि यंत्र यांना वेगळे केलेले नाही. डिझेल इंजिने आल्यावर यांतील बरीच कामे उरणार नव्हती. त्यामुळे ही छायाचित्रे एका संपत चाललेल्या कौशल्याची नोंद ठरली.

रोअनोकच्या पूर्वेस ब्लू रिज पर्वताचा चढ आहे. या चढावर जड कोळसागाड्यांना मागूनही इंजिन लावून रेटावे लागे. महाराष्ट्रातील वाचकांना हा प्रकार कर्जत–लोणावळा घाटातील ‘बँकर’ इंजिनांमुळे परिचित आहे.

रुळांलगतचे जीवन

प्रकल्पातील सर्वाधिक परिचित छायाचित्र ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’ हे आहे. ते २ ऑगस्ट १९५६ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील येगर येथे घेतले गेले. मोटारीत बसून चित्रपट पाहण्याच्या उघड्या चित्रपटगृहात एक तरुण जोडपे बसले आहे, पडद्यावर जेट विमान दिसते आणि मागून ‘ए’ वर्गाचे इंजिन जलद मालगाडी ओढत जात आहे. मोटारगाडी, विमान आणि वाफेचे इंजिन असे वाहतुकीचे तीन प्रकार एका चौकटीत येतात. त्यांपैकी पहिल्या दोहोंचा काळ चढता होता आणि तिसऱ्याचा संपत आला होता.

इतर छायाचित्रांतही अशीच रचना आढळते. लूरे येथे नाल्यात मुले डुंबत आहेत आणि वरच्या पुलावरून गाडी जात आहे. व्हेसूव्हियस येथे पेट्रोल पंपावर मोटार उभी असताना पाठीमागून गाडी धडधडत जाते. अन्य एका छायाचित्रात घरातील बैठकीच्या खोलीतून खिडकीबाहेरचे इंजिन दिसते. या लोकांना गाडीचे कुतूहल उरलेले नाही, कारण ती त्यांच्या नित्याच्या जीवनाचा भाग आहे. व्हर्जिनियातील ॲबिंग्डन येथून निघणाऱ्या डोंगरी शाखामार्गावरील, माल आणि प्रवासी एकत्र नेणाऱ्या गाडीचीही अनेक छायाचित्रे लिंक यांनी घेतली. त्यांतील काही महत्त्वाची छायाचित्रे दिवसाची आहेत.

ध्वनिमुद्रणे

छायाचित्रांबरोबरच लिंक यांनी गाड्यांचे आवाजही मुद्रित केले. १९५७ पासून ते ध्वनिमुद्रिकांच्या स्वरूपात प्रसिद्ध झाले. २४ डिसेंबर १९५७ रोजी व्हर्जिनियातील रूरल रिट्रीट येथे केलेल्या ध्वनिमुद्रणात चर्चमधून येणारे नाताळगीतांचे सूर आणि स्थानकातून सुटणाऱ्या गाडीचा आवाज एकत्र ऐकू येतात.

मांडणी आणि सत्यता

या छायाचित्रांचे मूल्यमापन करताना ती दस्तऐवज मानावीत की रचना, हा प्रश्न उपस्थित होतो. लिंक माणसांना जागा ठरवून देत आणि त्यांनी काय करावे हेही सांगत. येगरच्या छायाचित्रातील जोडपे त्यांनीच तेथे बसवले होते आणि मोटारही त्यांची स्वतःची होती. फ्लॅशच्या झोतात चित्रपटाचा पडदा कोरा उमटल्यामुळे विमानाचे चित्र त्यांनी नंतर दुसऱ्या निगेटिव्हवरून त्यात छापले.

दुसऱ्या बाजूने पाहता इंजिने, मालगाड्या, यार्ड, स्थानके आणि गावे यांत काहीही कृत्रिम नव्हते. चित्रांतील अनेक जण त्याच परिसरातील रहिवासी किंवा रेल्वेचे कर्मचारी होते. त्यामुळे इंजिनांची बांधणी, यार्डातील कामाची पद्धत, वेशभूषा व घरांची रचना यांच्या अभ्यासासाठी ही छायाचित्रे विश्वसनीय साधन आहेत. एखादा प्रसंग जसा दिसतो तसाच घडला, असा निष्कर्ष मात्र त्यांवरून काढता येत नाही.

समाप्ती आणि वारसा

१९५८ मध्ये स्टुअर्ट साँडर्स रेल्वेचे अध्यक्ष झाले आणि डिझेलीकरणाला वेग आला. १९६० च्या पूर्वार्धात नियमित सेवेतील वाफेची इंजिने बंद झाली आणि त्याबरोबर लिंक यांचा प्रकल्पही संपला. त्यानंतर ते आपल्या व्यावसायिक कामाकडे परतले. या छायाचित्रांना कलाक्षेत्रात व्यापक मान्यता मिळण्यास सुमारे दोन दशके लागली. १९८३ मध्ये नॉर्फोक येथील क्रायसलर संग्रहालयाने ‘घोस्ट ट्रेन्स’ हे प्रदर्शन भरवले. ‘स्टीम, स्टील अँड स्टार्स’ (१९८७) आणि ‘द लास्ट स्टीम रेलरोड इन अमेरिका’ (१९९५) या पुस्तकांमुळे ती सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली.

जानेवारी २००४ मध्ये रोअनोकच्या जुन्या प्रवासी स्थानकाच्या इमारतीत ओ. विन्स्टन लिंक संग्रहालय सुरू झाले. या प्रकल्पातील काळाची साक्ष देणारी ‘ए’ वर्गाचे १२१८ आणि ‘जे’ वर्गाचे ६११ या क्रमांकांची इंजिने जतन करण्यात आली आहेत. त्यांपैकी ६११ क्रमांकाचे इंजिन दुरुस्तीनंतर २०१५ मध्ये पुन्हा रुळांवर धावले.