पदव्युत्तर निकालावर दाद कशी मागावी?

एम.ए., एम.एस्सी.चा निकाल अन्यायकारक वाटला तरी आपली अनेक मुले-मुली गप्प बसतात. त्यांना आम्ही सांगतो : दाद मागता येते, पण ती लेखी आणि मुदतीत मागावी लागते.

आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागा. तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारातही मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच तसा निकाल दिला आहे. बेरीज चुकली का, एखादे उत्तर तपासायचे राहिले का, हे पाहा आणि विद्यापीठाच्या मुदतीत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरा.

मूल्यमापनच अन्याय्य असेल किंवा जातीवरून भेदभाव झाला असेल, तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करता येते. मात्र ‘गुण कमी पडले’ एवढ्यावर लोकपाल पुनर्मूल्यांकनाची मागणी ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभावाचा नेमका प्रसंग दाखवावा लागतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून तारखा लिहून ठेवा, प्रत्येक अर्जाची पोच घ्या. तोंडी आश्वासनावर मुदत घालवू नका.