चूल हलली, धुराडे मागेच राहिले

‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण आपण घरातली भांडणे झाकायला वापरतो. पण तिचा शब्दशः अर्थ घेतला तरी हिंगोली, औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव या भागात ती पिढ्यान्‌पिढ्या खरीच होती. चूल ही बाजारातून आणायची वस्तू नव्हती. माती, शेण आणि भुसा कालवून घरची बाई ती घालत असे, शेजारी वैल बसवत असे आणि रोज सकाळी पोतेरे फिरवत असे. बिऱ्हाड दुसरीकडे गेले की भांडीकुंडी बरोबर जात, चूल मात्र जागेवरच राही. नव्या घरात नवी चूल घालायची. म्हणूनच भाऊ वेगळे झाले की ‘वेगळी चूल मांडली’ असे आपण म्हणतो, आणि घरातल्या सर्वांना जेवायला बोलावले की ते ‘चूलबंद आमंत्रण’ होते. मराठीत चूल म्हणजे घरच.

ही जागा न सोडणारी चूल हलू लागली ती लोखंडामुळे. त्यातही बिडामुळे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात साधारण दोन ते चार टक्के कार्बन असतो. शुद्ध लोखंड वितळायला दीड हजार अंशांहून अधिक उष्णता लागते, तर बीड साडेअकराशे-बाराशे अंशांना वितळते. त्यामुळे ते साच्यात ओतून हवा तो आकार देता येतो. ते तापले की उशिरा थंड होते आणि विस्तवाला वर्षानुवर्षे टिकते. दोष एकच, ते ठिसूळ असते. घडीव लोखंड ठोकले की वाकते, बीड ठोकले की फुटते. गावच्या लोहाराला भात्यावर फाळ घडवता येई, पण फुटलेले बीड ठोकून सांधता येत नसे.

मराठी शेतकऱ्याच्या हातात ओतीव लोखंड मोठ्या प्रमाणावर आले ते नांगराच्या रूपाने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात कारखाना उभारला. लोखंडाने जमीन नासेल, अशी शंका तेव्हा शेतकरी घेत. शेतात लोखंड शिरले. स्वयंपाकघरात मात्र ते दबकतच आले.

थंड देशांत हे आधीच घडले होते. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४० च्या दशकात बिडाच्या पाटांची शेगडी तयार केली. तिच्यावर स्वामित्वहक्क घ्यायला त्यांनी नकार दिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. कमी प्रसिद्ध आहे ती तिची अडचण. त्या शेगडीत धूर आधी खाली वळून मग धुराड्यात चढायचा. धुराडे पुरेसे तापलेले नसले की तो माघारी फिरून खोलीत भरे. पुढच्या कारागिरांनी धुराची वाट सरळ केली, तेव्हा कुठे ती शेगडी घराघरांत रुळली. पेटी कितीही चांगली असली तरी धुराला वाट नसेल तर चूल अपुरीच. आपल्या चुलीच्या इतिहासातही हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

मराठवाड्यात लाकडावर चालणारी बंद बिडाची चूल रुजली नाही, याची कारणे साधी आहेत. खोली तापवावी इतकी थंडी इथे क्वचितच पडते. शिवाय इथले सरपण म्हणजे कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, बाभळीचे फाटे आणि गोवऱ्या. लांबच लांब पऱ्हाटी चुलीच्या तोंडातून थोडी थोडी आत सारायची असते. बिडाच्या छोट्या पेटीला हातभर मापाचे, फोडलेले, वाळलेले लाकूड लागते. ते फोडायचे कुणी आणि विकत आणायचे कुठून? गावातल्या घरांत आली ती कोळशाची शेगडी आणि अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब. बंब नीट पाहा. खाली बिडाची जाळी, मधोमध वर जाणारी नळी. म्हणजे धुराडे त्याच्या पोटातच असते. तो परसात किंवा न्हाणीत ठेवत, जुना झाला तर मोडीत जाई किंवा दुसऱ्याच्या घरी जाई. हलवता येणारी आणि धुराची वाट बरोबर घेऊन फिरणारी ही आपल्याकडची चूलच होती. फक्त तिच्यावर भाकरी होत नव्हती.

स्वयंपाकघरातला धूर मात्र तसाच राहिला. माळवदाच्या घरात छताला ठेवलेले सवणे हीच त्याची वाट. धूर तिथे पोहोचेपर्यंत चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांतून आणि छातीतून गेलेला असे. भिंती काळ्या झाल्या की त्या सारवता येतात. फुफ्फुसे सारवता येत नाहीत. कर्क स्मिथ या संशोधकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढचा धूर मोजला, तेव्हा या प्रश्नाकडे जगाचे लक्ष जाऊ लागले. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

यावर उपाय शोधण्याचे काम आपल्याच दोन शेजारी प्रदेशांत झाले, हे फारसे कुणाला माहीत नाही. एक वर्ध्याला. तिथल्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे प्रयोग चालत. त्यातून १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ आली. दुसरा प्रयत्न हैदराबादला. १९५६ पर्यंत हिंगोली हैदराबाद राज्यातच, परभणी जिल्ह्यात होती. त्या राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराची चूल तयार केली. लाखो गरिबांची स्वयंपाकघरे धूरमुक्त व्हावीत, या हेतूने लिहिलेले त्यांचे पुस्तक १९५३ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध झाले. कल्पना सोपी होती. एकाच जाळावर ओळीने भांडी, आतून उष्णतेचा बोगदा आणि शेवटी छताबाहेर जाणारे धुराडे. सामान मातीचेच, पण विचार बिडाच्या शेगडीचा.

पुढे १९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ साली तो थांबला, तोपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली होती. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ या संस्थेने साच्यातून घालायच्या चुली तयार केल्या आणि त्या घालायला कारागिरांना शिकवले. तरीही यांतल्या असंख्य चुली काही वर्षांत मोडल्या. चूल बसवण्याचे अनुदान होते. धुराडे झाडायला मात्र कुणी येत नव्हते. काजळी साचली की धूर उलटा फिरतो. माळवदातून नळा काढला की पावसाळ्यात तिथूनच गळते, मग तो काढून भोक बुजवले जाते. ओडिशात धुराड्याच्या चुलींचा चार वर्षे अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये पुढे आला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे देखभाल सुटली, वापर घटला आणि फायदाही नाहीसा झाला.

आज शेतघरासाठी किंवा हौसेने कुणी जुनी बिडाची शेगडी विकत घेतो, तेव्हाही हाच धडा लागू पडतो. घेताना तिच्यावर गंज किती चढला आहे यापेक्षा तिचा आवाज पाहावा. बोटाच्या पेराने ठोकून बघावे. धड पाट खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. अंधारात आत दिवा धरून दाराच्या आणि सांध्यांच्या फटी तपासाव्यात. वरचा गंज घासून जातो, आतली जाळी बदलता येते, पण मुख्य पाटाला चीर असेल तर मोडीच्या भावानेच सौदा करावा.

हलवताना दार, झाकणे, जाळी असे जे सुटे होईल ते आधी काढावे. धूड उभेच ठेवावे, खाली कडब्याच्या पेंढ्या द्याव्यात, दोराने आवळावे. खाचखळग्यातला एक दणका बिडाला पुरतो. घरी आणल्यावर विटांचा किंवा फरशीचा ओटा करून ती पाणसळीत बसवावी. लाकडी खांब, पडदे, सरपण यांपासून चांगली दूर ठेवावी. सांधे भट्टीच्या सिमेंटने भरावेत. नळ्याला शक्य तितके कमी वळण द्यावे, तो छताच्या वर किमान तीन फूट न्यावा, तोंडावर टोपी बसवावी. पहिले दोन-तीन जाळ लहान करावेत, म्हणजे सांधे वाळतात आणि बीड दचकत नाही. तापलेल्या बिडावर गार पाणी कधीही टाकू नये. खोलीची एक खिडकी उघडी ठेवावी, कारण कोंडलेल्या जाळातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना त्याला वास येतो.

हलणारी चूल हिंगोलीकरांना आता परकी नाही. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद पूर्वी शेतातच चुलवाण खोदून कढईत शिजवत. आता वाफेवर हळद शिजवणारे लोखंडी कुकर ट्रॅक्टरमागे जोडून या शेतातून त्या शेतात जातात. जाळ लाकडाचाच असतो, पण तो उघड्यावर असतो. घरात २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गॅस आला. टाकी संपली आणि पैसे नसले की मात्र कोपऱ्यातली मातीची चूल पुन्हा पेटते.

सत्तर वर्षांत चूल मातीची होती ती सिमेंटची झाली, लोखंडाची झाली, चाकांवर चढली. दर वेळी आपण चूल मोजली, धुराडे मोजले नाही. ज्या घरात अजून लाकूड जळते, तिथे नवी चूल देण्याआधी एवढेच विचारावे: धूर कुठून बाहेर जातो, आणि ती वाट वर्षातून दोनदा झाडायची कुणी? आजवर चूल घातली बाईने आणि धूर सोसला तोही बाईनेच. धुराडे झाडायचे काम तरी घरातल्या पुरुषाने अंगावर घ्यायला हरकत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)