वजनगटाचा बदल आणि खाशाबा जाधव यांचे यश : एक कारणविचार

महाविद्यालयीन खेळाडूस आपल्या ठरलेल्या जागी यश येईनासे झाले, म्हणजे त्याची जागा बदलावी की त्याच जागी त्यास अधिक मेहनत करू द्यावी, हा प्रश्न क्रीडाशिक्षकांपुढे वारंवार उभा राहतो. फुटबॉलच्या संघात बचावफळीतील खेळाडू मधल्या फळीत नेला जातो. क्रिकेटमध्ये फलंदाजीचा क्रम बदलतो. कुस्तीत वजनगट बदलतो. बदलानंतर यश मिळाले, तर त्याचे सारे श्रेय बदलास दिले जाते. न मिळाल्यास त्या बदलाचे कोणास स्मरणही राहत नाही. घटना एकामागून एक घडल्या, एवढ्यावरून त्यांच्यात कार्यकारणसंबंध जोडण्याची ही रीत इतिहासाच्या अभ्यासकास चांगली परिचित आहे. तिची पारख करण्यास कोल्हापूरच्या क्रीडेतिहासातील एक उदाहरण विशेष उपयोगी पडते.

राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा दादासाहेब जाधव हे १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धेत फ्लायवेट, म्हणजे ५२ किलोच्या गटात उतरले आणि सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकी येथे ते बँटमवेट, म्हणजे ५७ किलोच्या गटात लढले आणि त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यानंतरचे दुसरे पदक १९९६ साली टेनिसपटू लिअँडर पेस यांनी मिळवीपर्यंत ४४ वर्षे लोटली. ५ किलोंनी वरच्या गटात गेल्यामुळे सहाव्या क्रमांकाचा मल्ल तिसरा झाला काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहिली पाहिजे. खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण घेऊन खाशाबा कोल्हापुरास आले. १८९४ ते १९२२ या काळात राज्य केलेल्या शाहू छत्रपतींनी कुस्तीस जो उदार आश्रय दिला, त्यामुळे हे शहर मल्लविद्येचे पीठ बनले होते. १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान त्याची साक्ष देते. बाबुराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबांची तालीम झाली. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत त्यांची किरकोळ अंगलट पाहून क्रीडाशिक्षकाने त्यांस प्रवेश नाकारला आणि प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी तो मिळवून दिला, असे सांगितले जाते. ही आख्यायिका खरी मानली, तर खेळाडूची जागा त्याच्या बाह्य रूपावरून ठरविण्याचा प्रमाद त्यांच्या बाबतीत आरंभीच घडला होता, असे म्हणावे लागते.

मातीवरील कुस्ती आणि ऑलिंपिकमधील गादीवरील कुस्ती यांत केवळ पृष्ठभागाचा भेद नाही. मातीच्या आखाड्यात जोड लावताना वजनाचा काटा पाहत नसत. मल्लाची अंगलट, वय व लौकिक पाहून वस्ताद व पंच जोड ठरवीत. प्रतिस्पर्धी चीतपट झाला म्हणजे कुस्ती निकाली होई. त्यासाठी कितीही वेळ लागला तरी चाले. गादीवर मात्र वजनगट काटेकोर, वेळ मर्यादित आणि चीतपट न झाल्यास निर्णय पंचांच्या मतावर. शिवाय त्या काळच्या ऑलिंपिक नियमांनुसार पराभवाचे, तसेच चीतपट न करता मिळविलेल्या विजयाचेही दोषगुण मल्लाच्या नावे मांडले जात, आणि ते ठराविक संख्येस पोहोचले की तो स्पर्धेबाहेर जाई. मातीत वाढलेल्या मल्लास हे सर्व नवे होते. माती पायास धरते, गादी तसे करीत नाही. मातीत दमाने लढणारा मल्ल गादीवर वेळ संपल्यामुळे हरू शकतो.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्यास लंडनच्या अपयशाचे स्वरूप स्पष्ट होते. कोल्हापूरच्या महाराजांच्या द्रव्यसाहाय्याने खाशाबा तेथे गेले. अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी स्पर्धेपूर्वी त्यांस मार्गदर्शन केले. ऑस्ट्रेलियाचा बर्ट हॅरिस व अमेरिकेचा बिली जर्निगन यांस त्यांनी हरविले आणि इराणचा मन्सूर रईसी याच्याकडून ते पराभूत झाले. गादीचा व आंतरराष्ट्रीय नियमांचा सराव नसलेला २२ वर्षांचा विद्यार्थी जगात सहावा येतो, याचा अर्थ त्याची जागा चुकली होती असा लावणे कठीण आहे. उणीव गटाच्या निवडीत दिसत नाही; ती साधनांत व सरावात दिसते. लंडनहून परतताच कोणी ‘गट बदला’ एवढाच सल्ला दिला असता, तर तो रोगाचे निदान न करता दिलेल्या औषधासारखा ठरला असता.

मग १९५२ साली काय बदलले? एक तर शरीर. २२ व्या वर्षापासून २६ व्या वर्षापर्यंत मल्लाची हाडे व स्नायू भरत जातात. वाढलेल्या शरीरास जुन्या गटात बसविण्यासाठी वजन उतरवावे लागते आणि उतरविलेल्या वजनाबरोबर ताकदही जाते. दुसरे, गादीवरील चार वर्षांचा अभ्यास. तिसरे, एका ऑलिंपिकचा अनुभव. चौथे, आर्थिक पाठबळ : खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले आणि सरकारकडून ४,००० रुपये मिळाले. या चारांपैकी वजनगटाशी साक्षात संबंध पहिल्याचाच आहे, आणि तेथेही गटबदल हे शरीरात घडून आलेल्या बदलाचे कार्य आहे. न बदललेली गोष्टही नमूद केली पाहिजे. प्रतिस्पर्ध्याची मान कवेत धरून त्यास फेकणारा ‘ढाक’ हा खाशाबांचा आवडता डाव होता; त्यांची ख्याती चपळाईसाठी होती. वरच्या गटात जाताना त्यांनी आपली कुस्ती बदलली नाही.

हेलसिंकीत कॅनडाचा एड्रियन पॉलिक्विन व मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो यांच्यावर त्यांनी विजय मिळविले. जपानच्या शोहाची इशीशी झालेली दीर्घ लढत ते अगदी थोडक्यात हरले. त्यानंतर नियमाप्रमाणे ३० मिनिटांची विश्रांती मिळावयास हवी होती. परंतु ती मागण्यास कोणी भारतीय अधिकारी जागेवर नव्हता, आणि थकलेल्या खाशाबांस लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी लढावे लागले, असा वृत्तान्त आहे. इशीस सुवर्ण, मामेदबेकोव यास रौप्य आणि खाशाबांस कांस्य मिळाले. अर्थात येथेही पदकाचा रंग ठरविण्यात गटाहून व्यवस्थेचा भाग मोठा असावा.

गटबदलास सर्व श्रेय देणाऱ्या मताविरुद्ध सर्वांत सबळ पुरावा मात्र त्याच स्पर्धेत आहे. कोल्हापूरचेच केशव माणगावे हेलसिंकीत फेदरवेट, म्हणजे ६२ किलोच्या गटात लढले आणि चौथे आले. एकाच शहरातील तालमींत तयार झालेले दोन मल्ल दोन भिन्न गटांत एकाच वर्षी पदकाच्या उंबरठ्यावर पोहोचतात, तेव्हा त्याचे कारण दोघांस समान असलेल्या गोष्टींत, म्हणजे तालमीच्या परंपरेत आणि गादीच्या नव्या अभ्यासात, शोधणे अधिक सयुक्तिक होय.

तथापि जागा बदलणे व्यर्थ असते, असा याचा अर्थ नव्हे. सुवर्णपदक मिळविणारा इशी हा मूळचा ज्यूदोपटू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी अंमलाखालील जपानात ज्यूदोवर बंदी आली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला. त्याने गट नव्हे, खेळच बदलला. पण पकड, तोल आणि फेक ही ज्यूदोतील कमाई त्याने बरोबर आणली. इशी आणि खाशाबा या दोघांच्याही बाबतीत बदल फलद्रूप झाला, कारण नव्या जागी जुने कौशल्य कामास येत होते. याउलट मेलबर्नच्या १९५६ च्या स्पर्धेची तयारी चालू असता खाशाबांच्या गुडघ्यास गंभीर दुखापत झाली आणि त्यांची ऑलिंपिक कारकीर्द संपली. त्या अडचणीवर कोणत्याही वजनगटात उपाय नव्हता.

या सर्व विवेचनावरून मूळ प्रश्नाचे उत्तर पुढीलप्रमाणे देता येते. मागे पडलेल्या खेळाडूची जागा बदलण्यापूर्वी तीन गोष्टी क्रमाने तपासावयास हव्यात. त्याचे अपयश अपरिचयाचे आहे काय? असल्यास त्यास त्याच जागी अवधी व साधने द्यावीत. त्याचे शरीर जुन्या जागेत मावेनासे झाले आहे काय? असल्यास बदल अपरिहार्य आहे आणि तो लांबविण्यात नुकसानच आहे. आणि त्याचे सर्वांत पक्के कौशल्य नव्या जागी उपयोगी पडेल काय? न पडल्यास बदल म्हणजे नव्याने आरंभ होय, आणि महाविद्यालयीन जीवनाची मोजकी वर्षे त्यास पुरत नाहीत. खाशाबांच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९४८ साली, आणि उरलेल्या दोहोंचे १९५२ पर्यंत, ‘होय’ असे होते.

पदक घेऊन परतलेल्या खाशाबांचे स्वागत शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने झाले. पुढे त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले आणि त्या उत्पन्नातून खर्डेकरांचे गहाण घर सोडवून दिले. १९५५ साली ते मुंबई राज्याच्या पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. हेलसिंकीच्या यशाची कारणे मांडताना ५७ या आकड्याबरोबर ७,००० हा आकडाही विचारात घेतला पाहिजे. मल्ल कोणत्या गटात लढतो हे काट्यावर ठरते. त्यास लढावयास मिळते की नाही, हे पुष्कळदा एखाद्या प्राचार्याच्या निर्णयावर ठरत असते.