पाककृतींचे दप्तर

वाटणीच्या दाव्यात वकिलाला घरातील सर्व कागद पाहावे लागतात. खरेदीखते, गहाणखते, सारा भरल्याच्या पावत्या, क्वचित एखादी सनद. हे कागद जपून ठेवण्याची बुद्धी आपल्या लोकांना उपजतच असते. परंतु त्याच घरात, बहुधा स्वयंपाकघरातील फडताळाच्या वरच्या फळीवर, आणखी एक दप्तर पडलेले असते. तुपाचे डाग पडलेली एक वही, तीत खोचलेल्या चिठ्ठ्या, पत्रांचे फाडून ठेवलेले कोपरे, मासिकांतील कात्रणे. त्यावर कोणी हक्क सांगत नाही, त्याची यादी कोणी करीत नाही. आणि पुढे कोणी आस्थेवाईक माणूस ते ‘नीट लावायला’ घेतो, तेव्हा बहुधा त्याचा नाश होतो. असा नाश मी स्वतः एकदा केलेला असल्यामुळे या विषयावर लिहिण्याचा थोडासा अधिकार मला पोहोचतो.

पाककृती कोणत्या क्रमाने लावाव्या, हा प्रश्न आजचा नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ती कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. ग्रंथाचे पाच भाग, प्रत्येक भागात वीस अध्याय, एकूण शंभर. अशी त्याची रेखीव मांडणी आहे. त्यात अन्नाला जागा मिळाली आहे ती तिसऱ्या भागात, राजाच्या उपभोगांमध्ये. स्नान, तांबूल, वस्त्रे, अलंकार यांच्या पंक्तीला ‘अन्नभोग’ बसविला आहे. इडरिका, धोसक, वटक, पोलिका आणि आमच्या बेळगावकरांना ज्यांचा विशेष अभिमान ते मांडे, ही सर्व मंडळी तेथे भेटतात. ती भेटतात मात्र राजाच्या ताटात. ती रांधणारा हात कोणाचा, हे विचारण्याचे त्या मांडणीत कारणच नव्हते.

याच्या अगदी उलट प्रकार मांडूचा. इंदूरहून मांडू फार दूर नाही. पण जहाजमहाल पाहून परतणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की तेथील सुलतान घियासशाह खल्जी याच्या इच्छेवरून पंधराव्या शतकाच्या अखेरीस ‘निअमतनामा’ नावाचे एक फारसी पाकपुस्तक लिहिले जाऊ लागले आणि त्याचा मुलगा नासिरशाह याच्या काळात ते पुरे झाले. त्याची सुमारे पन्नास चित्रे असलेली हस्तलिखित प्रत टिपू सुलतानाच्या ग्रंथसंग्रहातून लंडनला गेली आणि आज तेथील ब्रिटिश लायब्ररीत आहे. या ग्रंथाला क्रम असा नाही. समोशांमागून सरबत, सरबतामागून उटणे, मग पुन्हा समोसे, मग ‘दुसरी रीत’, त्यानंतर आणखी एक. प्रमाणे क्वचितच दिलेली. पंडितांना हा दोष वाटेल. मला मात्र त्यात आपल्या घरच्या वहीची ओळख पटते. जसे आठवले, जसे कोणी सांगितले, तसे ते उतरले आहे.

अबुल फजलची वृत्ती वेगळी. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील ‘आईन-इ-अकबरी’त बादशहाच्या मुदपाकखान्याची हकीकत आहे, आणि ती हिशेबनीसाच्या शिस्तीने लिहिलेली आहे. पदार्थांचे वर्ग तीन: बिनमांसाचे, मांस व तांदूळ यांचे, आणि मसाल्यातील मांसाचे. प्रत्येक वर्गाचे दहा नमुने. ‘जर्द बिरंज’ करावयाचा तर तांदूळ १० शेर, खडीसाखर ५ शेर, तूप साडेतीन शेर, मीठ पाव शेर. पुढे केशर व दालचिनीदेखील तोलून. इतके नेमके प्रमाण वाचून समाधान वाटते. परंतु हा शेर कोणता, असा प्रश्न ताबडतोब उभा राहतो. सुदैवाने अबुल फजलनेच त्याचे उत्तर दिले आहे. कोठे १८ दामांचा, कोठे २२ दामांचा शेर चालत असे. अकबराच्या कारकीर्दीच्या आरंभी तो २८ दामांचा होता आणि पुढे बादशहाने तो ३० दामांचा ठरविला. ही एक टीप नसती, तर त्या तीसही पाककृती आपल्याला निरुपयोगी झाल्या असत्या. वाचकांनी हा शेर ध्यानात ठेवावा; तो पुढे पुन्हा येणार आहे.

तंजावरात एकोजी भोसल्यांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाला असलेले रघुनाथ नवहस्त हे मूळचे महाराष्ट्रातले पंडित. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील त्यांचे ‘भोजनकुतूहल’ संस्कृतात आहे. पदार्थांचे गुणदोष आणि भोजनाचे धर्मशास्त्रीय नियम ही त्याची बैठक. तथापि संस्कृत नावांशेजारी ते लोकांच्या तोंडची नावेही देतात. या सवयीचा उपयोग अडीच शतकांनंतर झाला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४३ मध्ये जिलबीचा इतिहास लिहिला, तेव्हा असल्या कालनिश्चिती होऊ शकणाऱ्या ग्रंथांतील एकेक शब्द त्यांना साक्षीदार म्हणून उभा करता आला. कोणत्या पदार्थाचे नाव कोणत्या साली कोणी लिहिले, एवढेच गोडे विचारीत. आणि तेवढे कळले, की बाकीचा इतिहास हळूहळू उलगडत असे.

पुढे छापखाने आले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० च्या ‘गृहिणी-मित्रा’त तर पाकक्रियांची संख्या हजारावर नेलेली. सारस्वत महिला समाजाची ‘रसचंद्रिका’ १९४३ ची, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. या पुस्तकांनी परगावी संसार थाटणाऱ्या मुलींवर केवढे उपकार केले, ते सांगावयास नको. छापील पुस्तकाला प्रकरणे लागतात, अनुक्रमणिका लागते. भात, आमट्या, भाज्या, पक्वान्ने असे विभाग पडतात. हे योग्यच आहे. चूक होते ती घरच्या दप्तराला छापील पुस्तकाचा पोशाख चढविण्यात.

माझी चूक नेमकी हीच. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असताना, न्यायनिर्णयांचे सारसंग्रह वाचून डोक्यात वर्गीकरणाचे वारे शिरले होते. त्या सुटीत आजीची वही माझ्या हाती आली. आजी नुकतीच गेली होती. वहीत नागपंचमीच्या कडबवांनंतर खोकल्याचा काढा, त्याखाली धोब्याचा हिशेब, मग कोणा गोव्याच्या शेजारणीने सांगितलेली सोलकढी. मध्येच मोडीत दोन ओळी. मी ती सारी सुटी करून विषयवार लावली, अकारविल्हे क्रम दिला, मापे ग्रॅममध्ये उतरवली आणि एका जाड रजिस्टरात सुवाच्य अक्षरात नक्कल केली. समासातली टिपणे गाळली, कारण ती ‘अप्रस्तुत’ होती. मूळ पाने फार तेलकट होती. ती रद्दीत गेली. घरातल्या सर्वांनी माझे कौतुक केले.

चार-पाच वर्षांनी, माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत, पत्नीने त्या रजिस्टरावरून अनारसे करावयास घेतले. तांदूळ अर्धा किलो, गूळ ११६६ ग्रॅम. तिला शंका आली होती. पण आकडे इतके ठाम होते, की तिने आपल्या हाताच्या अंदाजापेक्षा माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला. पहिला अनारसा तुपात पडताच हसला. दुसरा हसला. मग सगळेच हसले. त्या दिवाळीला आत्या माहेरी आली होती. कढईकडे पाहून ती म्हणाली, “अरे, सव्वा शेर गूळ म्हणजे कोणत्या शेराने? आपल्या घरी गुळाला कच्चा शेर, चोवीस रुपये भाराचा. आईने कडेला लिहून ठेवलं होतं की!”

लिहून ठेवले होते, हे खरे. तीच माझी अप्रस्तुत टिपणे. रुपया एक तोळा वजनाचा. चोवीस तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे २८० ग्रॅम, आणि सव्वा शेर म्हणजे साडेतीनशे. मी हिशेब केला होता तो ऐंशी तोळ्यांच्या पक्क्या शेराचा. तांदळाचे ‘मापटे’ हे तर वजन नव्हतेच. ते धान्य मापण्याच्या शेराचे अर्धे. एकाच ओळीत एक शेर भरण्याचा आणि एक तोलण्याचा, आणि तोलण्याच्या शेरालाही दोन घरे! देशात १९५६ च्या अधिनियमाने दशमान वजने आली, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने बाजारात रुळली. त्यानंतर जन्मलेल्या माणसाला ही भानगड कशी कळावी? ती कळण्याचे एकच साधन माझ्यापाशी होते, आणि ते मी रद्दीवाल्याला विकले होते.

इतिहासाच्या क्षेत्रात ही गोष्ट पूर्वीच ओळखली गेली आहे. फ्रान्समध्ये १८४१ साली अभिलेखागारांना आज्ञा झाली, की ज्या कचेरीचे कागद त्या कचेरीच्याच नावे एकत्र ठेवावे, ते फोडून विषयवार मिसळू नयेत. बडोदे संस्थानच्या सेवेतून निवृत्त झालेले रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. निवड विषयवार होती; पण म्हणून दप्तरातले रुमाल त्यांनी मोडले नाहीत. खंड छापले गेले आणि मूळ कागद आपापल्या रुमालात राहिले. शंका आली तर आजही तेथे जाऊन पाहता येते. माझे रजिस्टर हा असाच एक खंड म्हणता आला असता. उणीव एवढीच, की मागे रुमाल उरला नाही.

आणखी एक गोष्ट अनारशांच्या त्या प्रसंगानंतर मला दिसू लागली. अशा वह्यांत सणांचे पदार्थ असतात, पाहुण्यांचे असतात. रोजचा भात नसतो. जे रोज होते ते कोण लिहून ठेवील? गोव्याच्या इतिहासात याचे एक विदारक उदाहरण आहे. इन्क्विझिशनने १७३६ मध्ये एक जाहीरनामा काढून ख्रिस्ती झालेल्या गोमंतकीयांना अनेक हिंदू चालीरीती निषिद्ध ठरवल्या. त्या यादीत, भात शिजविताना मीठ न घालता ते मागाहून घेणे, हीदेखील एक आहे. प्रियोळकरांच्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथात ती यादी वाचावयास मिळते. अळणी भात ही आपली साधी, कोणाच्या ध्यानीमनी नसलेली सवय. ती कागदावर येण्यासाठी तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले! घरोघरच्या बायकांनी ती लिहिली नव्हती. लिहिली ती तिच्यावर बंदी घालणाऱ्यांनी.

गेल्या वर्षी आत्याच्या घरून एक पत्र्याचा डबा माझ्याकडे आला. तिची दृष्टी मंदावली आहे, वय ब्याऐंशी. डब्यात तिच्या सासरच्या चिठ्ठ्या आहेत. काही मराठीत, काही कोंकणीत, त्यातल्या दोन कानडी लिपीत आणि एक रोमी लिपीत. या वेळी मी काहीही सुटे केले नाही. ज्या क्रमाने कागद निघाले त्या क्रमाने त्यांना पेन्सिलीने आकडे घातले. प्रत्येकाची छायाचित्रे घेतली, कारण शाई फिकी होत चालली आहे. निराळ्या वहीत नोंद ठेवली: चिठ्ठी कोणाच्या अक्षरातली, कोणी सांगितलेली, कोणत्या प्रसंगाची, माप कोणते. विषयवार सूची केली आहे, पण ती केवळ आकड्यांची. पक्वान्ने पाहिजेत तर ७, १२, ३१ असे कागद काढावे आणि पुन्हा जागच्या जागी ठेवावे. समासातला धोब्याचा हिशेबही नोंदवला आहे. त्यात एका साडीच्या धुलाईचे दोन आणे पडले आहेत, त्यावरून वहीचा काळ ठरविण्यास मदत होते.

रविवारी सकाळी मी आत्याकडे जातो आणि जे डब्यात नाही ते तिला विचारतो. आमटीत चिंच केव्हा घालायची, पेज किती पातळ, उरलेल्या भाताचे काय. प्रथम ती हसली, हे काय विचारायचे म्हणून. आता तीच माझी वाट पाहते. मी लिहितो, ती मध्येच थांबवते: “तसं नाही, तांदूळ जुना असेल तर पाणी जास्त.” तेही मी लिहितो.

एका चिठ्ठीचा उलगडा मात्र अद्याप झालेला नाही. लोणच्याची कृती आहे. वरचा अर्धा भाग मोडीत, तो आत्याच्या आजेसासूबाईंचा असावा. खालचा बाळबोधीत, दुसऱ्याच कोणाच्या हातचा. मीठ किती ते वर लिहिले आहे, आणि खालच्या माणसाने ते खोडून निम्मे केले आहे. अक्षर कोणाचे, हे विचारायला आत्याच्या धाकट्या जावेकडे वडोदऱ्याला पत्र लिहिले आहे.