डिप्टी ते केंद्रप्रमुख : मराठी शाळांच्या तपासणीचा इतिहास

मराठी मुलखात शाळा तपासण्याची पद्धत सरकारी शाळांबरोबरच आली. त्याआधीच्या गावठी शाळेत पंतोजींवर देखरेख ठेवणारा वरिष्ठ असा कोणी नव्हता. पोराला मोडी वाचता येते का, पावकी-निमकी तोंडपाठ आहे का, हे घरचेच पाहत. पंतोजींचे पोट गावाच्या समाधानावर अवलंबून असे. 1822 मध्ये मुंबईत शाळा व पाठ्यपुस्तके काढण्यासाठी संस्था स्थापन झाली, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली शिक्षक तयार होऊ लागले आणि ते देशावर व कोकणात नव्या शाळा चालवायला गेले. पगार मुंबईहून, पुस्तकेही मुंबईहून आणि शाळा मात्र चार दिवसांच्या वाटेवर. तिथे काय चालले आहे हे जाऊन पाहणारा माणूस आता हवाच होता.

1840 मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन आले. त्याच्या अमलात बाळशास्त्री जांभेकरांकडे शाळा तपासण्याचे काम होते आणि पुढे शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल क्लासचे संचालकपदही त्यांच्याकडेच आले. 1846 मध्ये ते अकाली गेले. शाळेत शिक्षक कुठे अडतो हे ज्याने हिंडून पाहिले, त्यानेच पुढचे शिक्षक घडवायचे, हा त्या नेमणुकांमधला योग फार मोलाचा होता. त्यांच्यानंतर नॉर्मल क्लास दादोबा पांडुरंगांकडे गेला. व्याकरणकार आणि पाठ्यपुस्तके लिहिणारे लोकच त्या काळी शाळांवर देखरेख करत होते, हे विसरता येत नाही.

1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर 1855 मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले. वर डायरेक्टर, विभागाला एज्युकेशनल इन्स्पेक्टर आणि त्याच्या हाताखाली डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर अशी उतरंड तयार झाली. यातला डेप्युटी म्हणजेच गावोगावचा ‘डिप्टी’. वरचे साहेब बहुतेक युरोपियन असत, डिप्टी मात्र इथलेच, मराठी जाणणारे. वर्षाकाठी एकदा ते शाळेत येत, इयत्तावार परीक्षा घेत, हजेरीपट आणि दप्तर पाहत आणि शेरेबुकात शेरा लिहून पुढच्या गावाला निघत. मास्तरांची बढती आणि बदली त्या शेऱ्याच्या आधाराने होई.

या पद्धतीला खरी कीड लागली ती ‘निकालाप्रमाणे अनुदान’ या तत्त्वामुळे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी 1862 मध्ये ते लागू केले आणि त्याच दशकात मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही ते लावले गेले. तपासनीस मुलांची परीक्षा घेणार आणि पास झालेल्या मुलांच्या हिशेबाने संस्थेला पैसे मिळणार. ज्याच्या पेनावर शाळेची वर्षाची कमाई अवलंबून आहे, त्याच्यापुढे आपली अडचण मोकळेपणाने मांडणे कोणत्याही मास्तराला परवडणारे नव्हते. तपासणी म्हणजे काय लपवायचे आणि काय दाखवायचे, ही समजूत इथे मुळाशी गेली. 1904 च्या भारत सरकारच्या शैक्षणिक ठरावाने निकालाप्रमाणे अनुदानाचे तत्त्व टाकून दिले, तरी ती समजूत मागे राहिली.

1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेल्या निवेदनात या साऱ्याचे नेमके निदान आहे. प्राथमिक शाळांवरची देखरेख अपुरी आणि सदोष आहे, डिप्टींच्या वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीचा फारसा उपयोग नाही, निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि एरवीही आगाऊ न कळवता शाळेला भेट द्यावी, असे त्यांनी मांडले. गावकामगार व जिल्ह्याचे अधिकारी आपापल्या कामांत गुंतलेले असल्याने त्यांच्यावर विसंबता येणार नाही, हेही त्यांनी सांगितले. निकालाप्रमाणे अनुदान गरीब समाजाच्या शिक्षणाला मुळीच मानवणारे नाही, हे त्यांचे मत होते. शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, हा आग्रहही त्याच निवेदनात आहे. कडक देखरेख आणि पोटभर पगार या दोन मागण्या त्यांनी एकत्र केल्या. स्वतः शाळा चालवलेल्या माणसाचा हा विचार होता. पुढच्या राज्यकर्त्यांनी यातली पहिली मागणी वारंवार उचलली, दुसरी मात्र सोयीप्रमाणे बाजूला ठेवली.

खासगी शाळांमध्ये त्याच सुमारास वेगळी वाट तयार झाली. 1880 मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. वामन शिवराम आपटे तिथे सुपरिंटेंडेंट होते. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाल्यावर आजीव सदस्य असलेले शिक्षकच संस्थेचे कारभारी झाले. बाहेरून येणाऱ्या साहेबापेक्षा शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या सहकाऱ्याचा धाक आणि आधार इथे जास्त मोठा होता. मुख्याध्यापकाने वर्गात मागे बसून पाठ पाहावा आणि लॉगबुकात निरीक्षण नोंदवावे, ही माध्यमिक शाळांतली पुढची रीत याच वळणाची आहे.

प्राथमिक शाळांची मालकी मात्र हात बदलत राहिली. 1923 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा आणि त्यांवरचे नियंत्रण स्थानिक मंडळांकडे गेले. 1929 च्या हार्टोग समितीने देशभरातल्या अशा घाईच्या हस्तांतरणावर आणि अपुऱ्या तपासनीसवर्गावर बोट ठेवले. 1938 मध्ये मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळाने हा कायदा दुरुस्त करून तपासणी पुन्हा सरकारकडे घेतली. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या आणि तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी शाळा पाहू लागले.

तपासनीसाने मार्गदर्शक व्हावे, हे स्वातंत्र्यानंतरच्या आयोगांनी सांगितले. माध्यमिक शिक्षणावरच्या मुदलियार आयोगाने 1953 मध्ये त्याला शैक्षणिक सल्लागार म्हणावे असे सुचवले. कोठारी आयोगाचे (1964–66) सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांच्या पाठीशी गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचा अनुभव होता. त्या आयोगाने दोन गोष्टी सुचवल्या. प्रशासन आणि शैक्षणिक देखरेख वेगळी करावी आणि एका माध्यमिक शाळेभोवती आसपासच्या प्राथमिक शाळा जोडून शाळा-संकुल करावे, म्हणजे शिक्षक एकमेकांकडून शिकतील. पगारपत्रक आणि पाठनिरीक्षण एकाच टेबलावर आले की पगारपत्रकच आधी उरकले जाते, हे आयोगाने ओळखले होते.

महाराष्ट्रात शाळा-संकुलाच्या या विचाराचा व्यापक वापर 1994 मध्ये झाला. साधारण दहा शाळांमागे एक केंद्र ठरवून 4,860 केंद्रप्रमुखांची पदे निर्माण झाली. केंद्रप्रमुखाने शाळाभेटी द्याव्यात, वर्गात बसावे, नमुना पाठ घ्यावा आणि केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरवावी, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात अनेक पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली. जे रुजू झाले त्यांचा बराच वेळ शाळांकडून माहिती गोळा करून पंचायत समितीला पाठवण्यात गेला. शिक्षण परिषद मात्र टिकली. शेजारच्या गावातला शिक्षक अपूर्णांक कसे शिकवतो हे दुसरा शिक्षक तिथे समोर बसून पाहतो. तिथे शेरेबुक नसते, म्हणून आपल्या वर्गातले न जमणारे तो मोकळेपणाने सांगू शकतो.