झाकणाकडून किती अपेक्षा?

जुन्या मस्टँगखाली वाकून पाहिले की मालकाला सगळ्यांत आधी खटकते ते मागच्या ॲक्सलचे कव्हर. इंजिनवर हजारो डॉलर ओतलेले असतात, आणि तो सगळा जोर जिथून चाकांकडे वळतो त्या डिफरन्शिअलवर मात्र प्रेसमध्ये दाबून काढलेला दोन-अडीच मिलिमीटरचा पत्रा, वर काळा रंग, कडेला गंज. बोटाने ठोकले तर पोकळ वाजतो. शेजारी बाजारातले कव्हर ठेवा: जाड ओतीव ॲल्युमिनियम, पाठीवर फिन्सच्या रांगा, पोटात अर्धा लिटर जादा ऑइलची जागा. किंमत मूळ कव्हरच्या कित्येक पट. तरीही अमेरिकेत परफॉर्मन्स गाडीला हात घालणाऱ्या माणसाच्या खरेदीच्या यादीत ते पहिल्या पाच वस्तूंत येतेच.

पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो अगदीच अडाणी नाही. 8.8 इंची ॲक्सल 1986 पासून 2014 पर्यंत व्ही-8 मस्टँगखाली होता. 1982 ते 2002 च्या बहुतेक कॅमॅरोंखाली साडेसात इंचांच्या आसपासचा 10 बोल्टचा ॲक्सल होता. दोन्हींत क्राउन व्हील मागच्या उघड्या तोंडातून आत बसवतात आणि ते तोंड कव्हरने बंद करतात. क्राउन आणि पिनियन हायपॉइड जातीचे, म्हणजे पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यापेक्षा खाली. पॅकार्डने 1926 मध्ये ही रचना मोटारीत आणली. तिच्यामुळे गाडीची मान खाली आली, पण दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतही जातात. घर्षण आले की उष्णता आली. तेव्हा पूर्वपक्ष म्हणतो: ॲल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेते, फिन्स ती हवेत सोडतात, जादा ऑइल ती वाटून घेते, आणि जाड कव्हर हौजिंगला मजबुती देते. एका वस्तूत चार फायदे.

यातले पहिले विधान सुटे घेतले तर खरे आहे. ओतीव ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता पोलादाच्या सुमारे तिप्पट असते. पण ऑइलमधली उष्णता बाहेर पडायची तर तिला दोन अडथळे ओलांडावे लागतात: आधी कव्हरची जाडी, मग कव्हर आणि हवा यांच्यामधला थर. दोन मिलिमीटर पोलादाचा अडथळा दर चौरस मीटरला, नेहमीच्या एककांत, 0.00004 भरतो. दहा मिलिमीटर ॲल्युमिनियमचा 0.000067. धातू तिप्पट चांगला असला तरी पाचपट जाड झाला, म्हणून अडथळा उलट वाढला! अर्थात दोन्ही आकडे क्षुल्लकच आहेत, कारण गाडीखालच्या मध्यम वाऱ्यात हवेचा अडथळा 0.02 च्या घरात असतो. म्हणजे जाड ॲल्युमिनियमच्या तीनशे पट. उष्णता धातूत अडकत नाही, धातूच्या बाहेर हवेशी अडकते. धातू कोणता, या प्रश्नाला इथे काही अर्थच उरत नाही.

फिन्सचे काय? फिन्स हवेचाच अडथळा कमी करतात, म्हणून युक्तिवादाची ही बाजू जास्त सशक्त आहे. पण आकडे मांडून पाहू. हायपॉइड जोडीची कार्यक्षमता साधारण 95 ते 97 टक्के. चारशे हॉर्सपॉवर म्हणजे जवळपास 300 किलोवॉट. अगदी तीन टक्के नुकसान धरले तरी पूर्ण थ्रॉटलवर 9 किलोवॉट उष्णता त्या लोखंडी गोळ्यात तयार होते. वळणांच्या ट्रॅकवर निम्मा वेळ थ्रॉटल धरला तर सरासरी साडेचार किलोवॉट. आता कव्हरचे क्षेत्रफळ: फार तर एक दशांश चौरस मीटर. ऑइल हवेपेक्षा 80 अंशांनी गरम असेल तर साधा पत्रा सुमारे 400 वॉट बाहेर टाकतो. फिन्सनी क्षेत्रफळ दुप्पट केले आणि प्रत्येक फिनला भरपूर वारा मिळाला असे उदारपणे मानले, तर 800. साडेचार हजारांपुढे चारशेची भर. तीही कागदावर, कारण कव्हर असते ॲक्सलच्या मागच्या बाजूला, म्हणजे समोरून येणारा वारा ॲक्सलवर आपटून जिथे नुसता घुटमळतो त्या आडोशाला. बऱ्याच कव्हरांच्या फिन्सची दिशाही शोरूममधल्या डोळ्यांसाठी ठरवलेली असते. गाडीखालच्या वाऱ्याची तिला फिकीर नसते.

यावर हमखास उत्तर येते: आम्ही स्वतः मोजले, नवे कव्हर वीस अंशांनी थंड निघाले. कशाने मोजले? इन्फ्रारेड गनने. ही गन तापमान मोजत नाही, पृष्ठभागातून निघणारे उष्णतेचे किरण मोजते आणि त्यावरून तापमानाचा अंदाज बांधते. काळ्या रंगाचा पत्रा हे किरण जवळजवळ पूर्ण ताकदीने सोडतो. उघडे, चकचकीत ॲल्युमिनियम त्याच तापमानाला त्याच्या एक दशांशाच्या आसपासच सोडते. गन बिचारी ते पाहून "थंड आहे" म्हणते. चकचकीत कव्हरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, टेप कव्हरइतकी तापू द्या आणि त्याच गनने पुन्हा मोजा. एवढ्या तुकड्यावर निम्मे वाद मिटतील. आणि खरोखर फिन्सचे टोक थंड निघाले तरी त्यावरून ऑइल थंड झाले असे सिद्ध होत नाही. ऑइलचे तापमान ऑइलमध्येच मोजावे लागते. त्यासाठी कव्हरला सेन्सरचे छिद्र असेल तर त्या छिद्राला मी फिन्सपेक्षा जास्त मान देईन.

जादा ऑइलचा मुद्दा तर आणखी लंगडा. हौजिंग, क्राउन, पिनियन, बेअरिंग मिळून निदान चाळीस किलो लोखंड धरले तर त्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे 18 किलोज्यूल लागतात. अर्धा लिटर गिअर ऑइलला लागते एक किलोज्यूलहूनही कमी. म्हणजे जादा ऑइलने भर पडली पाचेक टक्क्यांची. दहा मिनिटांत जे तापमान गाठले जायचे ते साडेदहा मिनिटांत गाठले जाईल, पण गाठले जाईलच. शेवटी स्थिरावणारे तापमान बाहेर जाणाऱ्या उष्णतेवर ठरते, साठ्यावर नाही.

साठा वाढल्याने फक्त फायदाच कमी असता तर सोडून दिले असते. गाडी पुढे जाताना क्राउनची मागची बाजू खालून वर येते. ती तळातले ऑइल उचलते, कव्हरच्या आतल्या गोलाईवरून वर नेते आणि माथ्यावरून पुढे पिनियनच्या बेअरिंगकडे भिरकावते. मूळ पत्र्याचे पोट गोलाकार असते ते या प्रवाहाला साथ देईल असेच. तिथे सपाट पाठीचे, कोपरे असलेले कव्हर आले की ऑइल वर जाण्याऐवजी आपटून परत पडते. आणि पातळी वाढवली तर काठोकाठ भरलेल्या भांड्यात रवी फिरवल्यासारखे होते: घुसळण, फेस, आणि घुसळण्यातूनच नवी उष्णता. फेसाळलेले ऑइल व्हेंटमधून बाहेर येते, कधी शाफ्टच्या सीलमधून ब्रेकपर्यंतही पोचते. कॅलिफोर्नियाच्या गेल बँक्स यांनी पिकअप ट्रकच्या ॲक्सलवर हे चाचण्यांच्या चित्रफितींत दाखवले आहे. त्यांचे स्वतःचे कव्हरही विकायला आहे, तेव्हा त्यांच्या आकड्यांना अंतिम साक्ष मानू नये. पण सपाट कव्हरात ऑइल कसे विस्कटते हे पाहायला विक्रेत्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

बाजारातले कव्हर घेतलेच तर भरण्याच्या प्लगची उंची मूळ पातळीशी ताडून पाहावी. ती बऱ्याचदा वर असते.

मग ट्रॅकवर ॲक्सल थंड ठेवणारे लोक काय करतात? 2012 च्या कॅमॅरो झेडएल-1 ला शेवर्लेने कारखान्यातूनच डिफरन्शिअलचा कूलर दिला. 2013 च्या शेल्बी जीटी-500 च्या ट्रॅक पॅकेजमध्ये फोर्डनेही तेच केले. नासकार शर्यतींच्या सर्वोच्च कप मालिकेतल्या गाड्यांत 2021 पर्यंत फोर्डच्या 9 इंची धाटणीचा ॲक्सल होता, आणि जिथे गरज पडे तिथे पंप आणि कूलर जोडत. या 9 इंची ॲक्सलची गंमत अशी की त्याला मागे उघडणारे कव्हरच नाही. क्राउन-पिनियनचा सगळा संच पुढून बाहेर निघतो, पाठ वेल्ड केलेल्या साध्या पत्र्याची. ड्रॅगवाल्यांनी अर्धशतक ज्या ॲक्सलवर भरवसा ठेवला, त्याला फिन्सची आठवण झाली नाही.

आता मजबुती. इथे पूर्वपक्षाचा एक अंश मी मान्य करतो, आणि तो मोठा आहे. जोर लागला की पिनियन क्राउनला मागे आणि बाजूला ढकलतो. तो भार दोन बेअरिंग कॅपवर येतो, आणि कॅप मागच्याच बाजूला आहेत. कव्हरमधून आरपार जाणारे दोन लोड बोल्ट या कॅपना मागून आधार देत असतील, तर चिकट टायर लावून सुटणाऱ्या ड्रॅगच्या गाडीत त्यांचा उपयोग आहे. पण उपयोग त्या बोल्टांचा आहे, जाडीचा नाही, आणि तोही ते नीट बसवले तरच. बोल्टाचे टोक कॅपला टेकेपर्यंत हाताने फिरवायचे, मग बनवणाऱ्याने सांगितलेला थोडासा टॉर्क, मग बोल्ट तसाच धरून लॉकनट. हौशी माणूस लांब पान्याने करकचून आवळतो, कॅप दबते, बेअरिंगचे भोक गोल राहत नाही, आणि आधारासाठी घेतलेल्या कव्हरने बेअरिंगच जाते.

शिवाय 8.8 जिथे खरा मोडतो तिथे कव्हरचा हात पोचत नाही. ॲक्सलच्या नळ्या मधल्या ओतीव भागात दाबून बसवलेल्या असतात आणि मोजक्या ठिकाणीच वेल्ड केलेल्या असतात. जोराने त्या फिरतात. सॉलिड ॲक्सलच्या मस्टँगना 2004 पर्यंत 28 स्प्लाइनचे शाफ्ट होते, आणि शाफ्टला धरून ठेवते एक सी-क्लिप. शाफ्ट तुटला की चाक शाफ्टसकट बाहेर. म्हणून अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींची संघटना एनएचआरए हिच्या नियमांत पाव मैल 10.99 सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीला बाजारातले शाफ्ट आणि त्यांना धरून ठेवणारे साधन सक्तीचे आहे. कव्हरबद्दल तशी सक्ती नाही.

एक जात मात्र वेगळी काढली पाहिजे. 1999 ते 2004 च्या मस्टँग कोब्राला मागे स्वतंत्र सस्पेन्शन होते. तिथे डिफरन्शिअल सबफ्रेमला टांगलेले असते आणि कव्हरचे कान त्या टांगणीचा भाग असतात. चाके थडथडत सुटणाऱ्या गाडीत हे कान तुटल्याचे जाणकार सांगतात. अशा ठिकाणी कव्हर हा सांगाड्याचा भाग आहे, आणि भक्कम कव्हर किंवा त्याला ब्रेस ही चैन नाही. 2016 पासून भारतात आलेली मस्टँगही स्वतंत्र सस्पेन्शनचीच. तेव्हा इथल्या एखाद्या मालकाने अमेरिकेहून जुन्या 8.8 चे चकचकीत कव्हर मागवण्याआधी गाडीखाली एकदा डोकावावे.

ड्रेन प्लगबद्दल मात्र मी बाजाराच्या बाजूचा आहे. मूळ कव्हरला तो बहुधा नसतो. ऑइल बदलायचे तर कव्हर काढावे लागते, लोक स्क्रूड्रायव्हर घालून कड उचकटतात, पत्रा वाकतो, आणि गळतीचे खापर मग सीलंटवर फुटते. चुंबक लावलेला प्लग काढला की त्यावरची करडी पेस्ट बोटांत चोळून पाहता येते: मऊ असेल तर ठीक, खरखरीत कण लागले तर आत काहीतरी सुटते आहे. पण असा प्लग पत्र्याच्या कव्हरलाही बसवून मिळतो.

रस्त्यावर चालणाऱ्या आणि अधूनमधून ड्रॅग स्ट्रिपवर जाणाऱ्या सॉलिड ॲक्सलच्या मस्टँगसाठी माझा कौल मूळ पत्र्यालाच आहे: गंज काढून, रंगवून, ड्रेन प्लग बसवून. गाडी जिद्दीने ड्रॅगला पळवणार असाल तर लोड बोल्टचे कव्हर घ्या, पण आधी नळ्या वेल्ड करा आणि शाफ्ट बदला. वीस-वीस मिनिटे ट्रॅकवर घालवणार असाल तर फिन्सचे पैसे पंप, कूलर आणि ऑइलच्या सेन्सरला द्या.